जुनी गाडी घेताना पीयूसी पुरेशी आहे का?

प्रश्न : सात वर्षांची गाडी घेतोय. आरसी, पीयूसी चोख आहे. आणखी काय पाहू?

उत्तर : पीयूसीवर विसंबू नका. ती फक्त धूर तपासते; ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, तोवर आरटीओची नियमित फिटनेस तपासणी नसते. म्हणून खरा इतिहास सापडतो सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डांत. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. २०२२च्या कार्डावर ६८,००० आणि आज मीटरवर ५२,००० दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवा. सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजात झालं, असं मालक म्हणेल. त्यात गैर काही नाही, पण मग बिलं दाखवावीत. तीही नसतील, तर तुमच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. त्याला नकार मिळाला, तर टोकनसुद्धा देऊ नका.