एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं, आता पुढे काय?

कंबरदुखीच्या तपासण्यांमध्ये हल्ली तरुणांना ‘एचएलए-बी२७’ हमखास सांगितली जाते, आणि ती पॉझिटिव्ह आली की घर हवालदिल होतं. एका आईने लिहिलंय, की चोवीस वर्षांच्या मुलीचा अहवाल असा आला, कंबर आता दुखत नाही, तरी आम्ही तिच्यासाठी स्थळं पाहणं थांबवलंय. ताई, या अहवालापायी तर मुळीच थांबू नका. त्यात रोगाचं निदान नाही. मुलीच्या पेशींवर कोणत्या प्रकारचं एक प्रथिन आहे, एवढंच त्यात लिहिलंय.

हे प्रथिन तिथे असतं कशासाठी, ते समजलं की निम्मी भीती जाते. पेशीच्या आत जी प्रथिनं बनतात, त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे छोटे तुकडे होतात. पेशीच्या पृष्ठभागावर येणाऱ्या एचएलए प्रथिनाला एक खोबण असते. त्या खोबणीत बसून हे तुकडे बाहेर मांडले जातात. आपल्या टी पेशींना दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही. त्या शितावरून भाताची परीक्षा करतात. टी पेशीवरचं ग्राहक प्रथिन खोबण आणि तिच्यातला तुकडा, दोन्ही एकदम चाचपतं. आपल्याच शरीराच्या तुकड्यांवर तुटून पडणाऱ्या बहुतेक टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत आधीच बाद झालेल्या असतात. तुकडा विषाणूचा निघाला, तर तो दाखवणारी पेशी मारली जाते. नुसता परका तुकडा पुरत नाही, तो ओळखीच्या खोबणीतूनच दिसावा लागतो, हे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७०च्या दशकात कॅनबेरात उंदरांवर दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९९६ साली नोबेल मिळालं.

एचएलएचे हजारो प्रकार माणसांत आढळतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. बी२७ हा त्यातलाच एक, आणि तो निव्वळ वाईट नाही. एचआयव्हीची लागण झालेल्या ज्या लोकांमध्ये बी२७ असतं, त्यांच्यात आजार बहुधा सावकाश वाढतो. विषाणूच्या कवचातला एक महत्त्वाचा तुकडा ही खोबण नेमका पकडून दाखवते, आणि तो तुकडा बदलून निसटायचं तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ज्या प्रथिनाच्या नावाने घरात रडारड होते, ते शरीराचं रक्षणही करत असतं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. बी२७ आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याला सूज येऊन तो हळूहळू ताठरणारा संधिवात, यांचं नातं १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी दाखवलं. हे प्रथिन आजाराला नेमकी कशी वाट करून देतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण बी२७ असलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना हा आजार जन्मात होत नाही, हे नक्की. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल, तर मात्र धोका वाढतो.

म्हणून कागदापेक्षा दुखण्याकडे बघा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक वेळ आखडलेली पाठ. पहाटे दुखण्याने येणारी जाग. आणि पडून राहिल्यावर वाढणारं, हालचालीने हलकं होणारं दुखणं. असं असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. कित्येक मुलंमुली ‘गादी सरकली’ म्हणून वर्षानुवर्षं पट्टा बांधून झोपून राहतात, आणि विश्रांती हीच त्यांना सगळ्यात घातक असते. मणका आणि कमरेचं हाड जिथे जुळतं, त्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज लवकर दिसते.

डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. बी२७ असणाऱ्यांत डोळ्याच्या आतली सूज इतरांपेक्षा जास्त आढळते आणि उशीर दृष्टीवर बेततो.

निदान झालंच, तर रोजचा व्यायाम आणि सूज उतरवणारी औषधं हा उपचारांचा पाया आहे, पोहणं उत्तम. सिगारेट-विडी बंदच करा, तिने मणक्याची हानी वाढते. या औषधांनी भागलं नाही तर जैविक इंजेक्शनं आहेत. त्यातली बरीचशी शरीरात दबून बसलेला क्षयरोग उफाळून आणू शकतात, म्हणून क्षयाची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करू देऊ नका. स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्या देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

ताईंचा शेवटचा प्रश्न, मुलीच्या मुलांत हे उतरेल का? बी२७ प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण उतरतं ते प्रथिन, आजार नव्हे. धडधाकट लेकरांची ही तपासणी करायचं कारण नाही. मुलीचीही पुन्हा करू नका. ती आयुष्यात एकदा केली की पुरते, औषधांनी किंवा पथ्याने तिचा निकाल बदलत नाही.