मुंबई गप्प केल्याशिवाय नागपूर लागत नाही

चि. छोटू यास,


परवा फोनवर तू म्हणालास की रेडिओ घ्यायचाय, पण नुसता एफएमचा नको, लांबची केंद्रं ऐकायचीत. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांकडे पैसे मागायच्या आधी हे पत्र दोनदा वाच.

लांबचं ऐकायचं तर मीडियम वेव्ह. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड त्यांच्या आड येतात आणि सह्याद्रीपलीकडचं फारसं काही तुझ्यापर्यंत पोचत नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून डोंगरांपलीकडे जाते आणि रात्री वर आकाशातून परतूनही येते.

रेडिओ घेताना ती ओढून लांब करायची एरियल बघून भुलू नकोस. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्ह पकडतो तो आतला फेराइटचा दांडा, काळपट रंगाचा, त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. दांडा जितका लांब आणि जाड, तितकी पकड चांगली. म्हणून तळहातात मावणारा रेडिओ दिसायला गोड असला तरी घेऊ नकोस. तळहाताहून तरी रुंद असू दे. दुसरी गोष्ट, आकडे दाखवणारा डिजिटल घे. टेकसनचा पीएल-३१०ईटी किंवा त्या धर्तीचा मिळाला तर उत्तम. त्यात पकडायच्या पट्टीची रुंदी १ ते ६ किलोहर्ट्झपर्यंत कमी-जास्त करता येते आणि सिग्नलचा जोर आकड्यात दिसतो. शिकणाऱ्याला तो आकडा फार उपयोगी, कारण सुरुवातीला कानाला पाव-अर्धा फरक कळत नाही.

रेडिओ हातात आल्यावर आधी एक तपासून बघ. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत १० च्या. बाहेरून आलेले रेडिओ बऱ्याचदा १० वर लावलेले असतात, मग आकडा केंद्राच्या अलीकडे-पलीकडे पडतो आणि आवाज फाटका येतो. ते अंतर ९ वर कर. १९७५ साली जिनिव्हात आपल्या भागासाठी ही आखणी ठरली आणि १९७८ च्या नोव्हेंबरात लागू झाली. तेव्हापासून या पट्ट्यावरच्या आकड्यांना ९ ने भाग जातो. मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, नागपूर ५८५, जळगाव ९६३. अंकांची बेरीज करून बघ.

आता मुख्य मुद्दा. रेडिओ कितीही चांगला घेतलास तरी तो फिरवायला शिकला नाहीस तर काही मिळणार नाही. फेराइटच्या दांड्याला दिशा असते. दांड्याची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरून येतो आणि टोक केंद्राकडे गेलं की आवाज बसतो. गंमत अशी की भरून येणारी दिशा पसरट असते, पण आवाज बसण्याची जागा अगदी नेमकी असते. दूरचं ऐकणाऱ्याचं खरं हत्यार ही बसण्याची जागाच. आपल्याला हवं ते केंद्र मोठं करायच्या मागे सगळे लागतात. मी सांगतो, आधी नको ते केंद्र लहान कर.

तुमच्या रसायनीत तर हे करावंच लागतं. मालाडचा आकाशवाणीचा मनोरा तुमच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, तिथून ५५८ वर १०० किलोवॉटचा जोर. नागपूरचा ५८५ ३०० किलोवॉटचा असला तरी साडेसहाशे किलोमीटरहून लांब, आणि ५५८ पासून अवघी तीन घरं पुढे. तू नुसता आकडा लावलास तर मुंबईच नागपूरच्या अंगावर सांडलेली असेल. म्हणून असं कर. रात्री जेवणं झाल्यावर ५५८ लाव. रेडिओ सपाट जागी ठेवून हळूहळू फिरव. एका जागी मुंबईचा आवाज एकदम खाली जाईल. तिथे थांब, दांड्याचं टोक आता मालाडच्या रेषेत आहे. रेडिओला हात न लावता, फक्त बटणाने ५८५ वर जा. नागपूर तुमच्या ईशान्येला, या रेषेपासून बरंच बाजूला असल्याने त्याचं फारसं नुकसान होत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या गावाच्या फायद्याची आहे. मुंबई तुमच्या वायव्येला, पुणे आग्नेयेला, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच रेषेत. एकाला गप्प केलंस की दुसरंही मंदावतं आणि ईशान्येचा सगळा मुलूख मोकळा होतो. जळगावचा ९६३ पुण्याच्या आणि मुंबईच्या आकड्यांमध्ये बसतो. तो असाच शोध. पनवेलला किंवा लोणावळ्याला राहणाऱ्याने आपली रेषा स्वतः आखावी.

दिवसा मात्र ही खटपट करू नकोस. उन्हाने आकाशात साठ ते नव्वद किलोमीटरवर जो थर तयार होतो तो मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य गेला की तो विरतो आणि लहर त्याच्याही वरून परतते. नागपूरला सूर्य तुमच्यापेक्षा सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो, तेव्हा तुमच्याकडे अंधार पडायला लागला की कान लाव. आवाज वर-खाली होईल, मध्येच बुडेल. घाबरून आकडा बदलू नकोस, दोन मिनिटं थांब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात वळवाच्या विजा शेकडो किलोमीटरवरून कडाडत कानात येतात.

केंद्राआधी तुला घरातली खरखर भेटेल, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून रेडिओ कपाटात टाकतात. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्स, सगळे या पट्ट्यावर घरघरतात. रेडिओ सेलवर चालव, अडॅप्टरवर कधीच नाही. मग आईला विचारून एकदा मेन स्विच पाड आणि फरक ऐक. एकेक वस्तू चालू करत गेलास की गुन्हेगार सापडतो. एमआयडीसीच्या उच्चदाबाच्या तारांखाली बसण्यात अर्थ नाही. पाताळगंगेच्या काठाकडे मोकळी जागा मिळाली तर बाबांबरोबर तिथे जा. आणि एखाद्या आकड्यावर एकसारखा फुस्स आवाज आला तर रेडिओ बिघडला असं समजू नकोस. आकाशवाणीची काही केंद्रं डिजिटल पद्धतीनेही बोलतात, ते आकडे दाखवणाऱ्या साध्या रेडिओलाही कळत नाही.

फोनवर सगळी केंद्रं स्वच्छ मिळतात, हे तू म्हणशील आणि ते खरं आहे. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यात किती ठिकाणी वीज आणि मोबाइल एकदमच गेले ते तुझ्या बाबांना विचार. त्या दिवशी सेलवरचा रेडिओ आणि एक चालू मनोरा एवढंच पुरतं. तुला ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी शिकायला वेळ नसेल, म्हणून आत्ता शीक.

एक वही कर. तारीख, वेळ, आकडा, रेडिओचं तोंड कुठल्या दिशेला, आणि काय ऐकलं ते शब्दांत. केंद्राचं नाव कानाने ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. रात्री एकाच आकड्यावर दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात, आणि नुसत्या मराठी आवाजावरून नागपूर म्हणणं म्हणजे अंदाज. बातम्यांच्या आधी उद्घोषणा होते तोवर धीर धर.

हे जमलं की पुढची पायरी. दोन फूट बाजूची लाकडी चौकट करायची, तिच्यावर इनॅमल तारेचे बाराएक वेढे द्यायचे आणि दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला जोडायची. रेडिओला काही जोडायचं नाही, नुसता चौकटीजवळ ठेवायचा, दांडा चौकटीला काटकोनात आणि चौकटीची सपाट बाजू मुंबईकडे. गँग फिरवत गेलं की एका जागी ५८५ उसळून वर येईल. तार मोहोपाड्यात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळेल, गँग माझ्याकडे आहे. आधी दिवाळीपर्यंतची वही मला दाखव, मग गँग देतो.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा