सोन्याच्या पाळण्यात पाय जपून

पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडे जालन्याला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडे द्राक्षं आहेत ना, मग वाइन कुठे मिळते?" वाइन नाशिककडे. इथल्या कडवंची गावाच्या शिवारात पिकतात ती खायची द्राक्षे, पातळ सालीची आणि बिनबियांची. वाइनच्या जाती निराळ्या असतात. त्यांचे मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. तसेच 'जालना, सोने का पालना' या म्हणीवर विसंबून कोणी खाण शोधू नये. निजामाच्या मुलखात सोने निघायचे ते रायचूरकडे, हट्टीला. जालन्याचे सोने पेठेतले : पूर्वी कापूस, आता बियाणे आणि लोखंडी सळया. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा हिरमोड टळतो.

हिरमोड सोसतो, पण जिवावरचे प्रसंग नकोत. मेहुण्याचा मुलगा शेततळ्याच्या काठावर फोटो काढत होता. पाय सरकला आणि तो थेट पाण्यात. पोहणारा पोरगा, पण प्लास्टिकच्या उतारावर त्याला चढता येईना. वर यायला लागला की शेवाळावरून पुन्हा खाली. बायका ओरडू लागल्या, त्याचा बाप शर्ट काढून उडी घ्यायला निघाला. तेवढ्यात मळ्यातल्या सालगड्याने त्याला दंडाला धरून मागे ओढले, ठिबकची जाड नळी पाण्यात फेकली आणि दुसरे टोक कंबरेला गुंडाळून बसला. पोरगा वर आला. बापाने उडी घेतली असती तर दोघांना काढावे लागले असते.

शेततळे म्हणजे विहीर नव्हे, नदीही नव्हे. पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचे अस्तर असते आणि चारी बाजूंना तोच गुळगुळीत उतार. धरायला दगड नाही की मूळ नाही. कडवंचीत अशी तळी शेकड्यांनी आहेत. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून इथे पाणलोटाचे काम झाले. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, मग तळी झाली, मग द्राक्षे आली. पाहण्यासारखे ते हेच, आणि ते जरूर पाहा, पण कुंपणाबाहेरून. लेकरांचा हात सोडू नका. कोणी पडलेच तर मागे उडी घेऊ नका; दोर, नळी, साडी, जे हाताशी असेल ते फेका. तळ्यात गाठी मारलेला दोर सोडलेला आहे का, हे मी आता मळ्यात शिरतानाच विचारतो. मालकाला त्याचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट तोंडाची. घड समोर लोंबत असतो आणि हात आपोआप जातो. एकदा मालक बांधावरूनच ओरडला, "पाव्हणं, परवाच फवारलंय, हात नका लावू!" औषध मारल्यावर काढणीआधी ठरावीक दिवस थांबावे लागते, आणि ते दिवस सरले की नाहीत हे फक्त त्यालाच ठाऊक. शिवाय मणी हाताळला की त्यावरची पांढुरकी लव जाते आणि बाजारात घडाचा भाव पडतो. त्याने स्वतः तोडून दिलेली द्राक्षे घ्या, धुऊन खा, आणि पैसे विचारा. तो नको म्हणेल. दोन-चार किलो विकत घेऊन निघा.

हुरड्याला मात्र कोणी अडवत नाही. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली गूळभेंडीची किंवा सुरतीची कोवळी कणसे, आणि चटका सोसत ती चोळणारी माणसे. जवसाची चटणी, दही, गूळ. दाणे गरम असतानाच खायचे, गार झाले की चव गेली. इथेच शहरी माणूस फसतो : चटणी तिखट लागली म्हणून वर तांब्याभर पाणी पितो, शिवाय मागून भरीत-भाकरी असते हे विसरतो. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखे. आमच्याकडे हुरड्यावर ताक पितात, तेच प्या. मागून मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते रास्तच.

बाटल्या घेऊन हुरड्याला येणाऱ्यांशी माझे जमत नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हा कायद्याचा भाग झाला. पण ज्याच्या घरची बाई तुमच्यासाठी चुलीवर भाकरी थापते, त्याच्या बांधावर फुटलेल्या काचा टाकून जायचे, याला काय म्हणावे?

वाइन आणि सोने यांची हौस भोकरदनला भागवावी, तीही मनातल्या मनात. जुने भोगवर्धन ते हेच. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला, आणि तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. त्या काळच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेरचा माल भडोच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे, आणि त्याच बंदरात इटलीची वाइन आणि सोन्याची नाणी येत असल्याचीही. तिथून पुढे असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांना वेलस्लीने इथे हरवले. पुढे वॉटर्लू जिंकणारा तो हाच. वाचून गेलात तर केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली जमीन बोलते, न वाचता गेलात तर नुसती ज्वारी दिसते. राजूरच्या गणपतीला अंगारकी सोडून जा. जांबला, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, कधीही जा.

परतीचा प्रवास उजेडी करा. गाळप हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर गाडी डांबरावरच लावून मळ्यापर्यंत चालत जा. काळ्या मातीत रुतलेले चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आणि मालकाला आदल्या दिवशी फोन केल्याखेरीज जाऊ नका, कारण छाटणी किंवा काढणी चालू असेल तर त्याला तुमच्याशी बोलायलाही उसंत नसते. साधारण फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा : हुरडा संपत आलेला असतो, द्राक्षे उतरू लागलेली असतात आणि ऊन अजून सोसवते.