दिनविशेष : १५ ऑगस्ट

यंदा संचलनानंतर दिनविशेष वाचायची पाळी माझी आहे. १९४७ लिहिले आणि अडलो. ते तर पहिलीतल्या पोरालाही ठाऊक!

ग्रंथालयात बसलो. नेपोलियनचा जन्म १७६९, श्री अरविंदांचा १८७२. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. माउंटबॅटन तेव्हा आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती होते. दोन वर्षांनी सत्तांतराची तारीख ठरवताना त्यांनी तोच दिवस निवडला. हे मला माहीतच नव्हते.

मी रमलो ते १९३६ च्या बर्लिनमध्ये. ऑलिंपिक हॉकीचा अंतिम सामना खरे तर १४ तारखेचा. पावसामुळे तो १५ ला झाला. समोर जर्मनी, आणि महिन्यापूर्वीच सराव सामन्यात त्यांनी आपल्याला ४-१ असे हरवलेले. कर्णधार ध्यानचंद, लष्करातले जवान. संघ ब्रिटिश निशाणाखाली खेळणार होता, पण मैदानात उतरण्यापूर्वी खोलीत खेळाडूंनी चरख्याच्या तिरंग्याला सलाम केला. मध्यंतराला आघाडी अवघ्या एका गोलाची होती, शेवटी ८-१! अकरा वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

आजी पुण्याची. फोनवर म्हणाली, "अरे, महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गेले, तेही १५ ऑगस्टलाच. १९४२. त्यांना विसरू नकोस."

वाचायला तीनच मिनिटे आहेत. नेपोलियनला वगळले.