स्थानपोथी आणि स्थाननिर्णय

स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांपैकी स्थानाचे महत्त्व आपण सर्व जाणतो. ओट्यास दंडवत घालतो, विडा अर्पण करतो. परंतु हे स्थान नेमके येथेच कशावरून, असा प्रश्न क्वचितच आपल्या मनात येतो. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे संकलित केल्या. कोणती लीळा घडली हे लीळाचरित्र सांगते. ती गावात नेमकी कोठे घडली हे सांगणे हा स्थानपोथीचा विषय होय. परंपरा हा ग्रंथ मुनिव्यास कोठी यांचा मानते. डॉ. वि. भि. कोलते यांनी तो संपादून प्रसिद्ध केला.

स्थानपोथीची भाषा अत्यंत मोजकी आहे. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, ते कोणत्या देवतेचे, त्याचे दार कोणीकडे, जवळ नदी वा दुसरे देऊळ कोणते, आणि तेथे अवस्थान झाले, वसति झाली की केवळ आसन, एवढेच ती सांगते. अवस्थान म्हणजे पुष्कळ दिवसांचा मुक्काम, वसति म्हणजे रात्रीचा मुक्काम आणि आसन म्हणजे बसण्याची जागा. हा भेद पोथीने कटाक्षाने पाळला आहे.

या मोजकेपणामुळेच स्थानपोथी स्थानिक इतिहासाचे अमोल साधन ठरते. यादवकालीन कित्येक देवळे आज उरली नाहीत; त्यांची दिशा व परिसर यांची नोंद मात्र पोथीत राहिली. गावांची नावेही पालटतात. जुने डोमेग्राम ते आजचे अहिल्यानगर जिल्ह्यातील कमालपूर. नाव पालटले तरी गोदातीर पालटला नाही; म्हणून पोथीतील दिशा व सान्निध्य हीच शोधकाची खरी वाट. तथापि पोथी लीळाचरित्रानंतरची आहे. स्वामींनी पाहिलेले देऊळ आणि पोथीकाराने पाहिलेले देऊळ यांत अंतर पडले असणे शक्य आहे, याचेही भान ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, ‘ओटा आहे, श्रद्धा आहे, दाराची दिशा हवी कशाला?’ याचे उत्तर असे की, ओटा ही खूण आहे आणि खुणेस आधार परिसराचा असतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाखाली गोदातीरावरील अनेक गावे गेली. तेथे पोथी आणि भूमी ताडून पाहणे आता दुर्घट झाले. तो प्रसंग आपल्या हातचा नव्हता. परंतु जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपण जुने जोते काढतो, दार दुसरीकडे फिरवतो, फरशी घालतो, तेव्हा तोच दुवा आपल्याच हातांनी तुटतो. मंदिर भव्य होते आणि स्थान मात्र साक्षीवाचून राहते.

म्हणून जीर्णोद्धारापूर्वी प्रत्येक स्थानी मोजमाप व छायाचित्रे घ्यावीत, वृद्ध वासनिकांची माहिती लिहून ठेवावी आणि ती पोथीशी ताडावी. आढळले ते आणि ऐकले ते वेगवेगळे नोंदवावे. पूर्वसूरींनी वाटा तुडवून स्मरण जपले. आपणास केवळ जे आहे ते पुसू द्यावयाचे नाही. स्थानवंदनाचा हाही एक भाग समजावा.

दंडवत प्रणाम.