कोंबड्या, पाखरे व वटवाघळे यांच्या अंगावरील कोळीकीड : ओळख व नमुने गोळा करण्याची रीत

खुराड्यातील कोंबड्या सायंकाळी आत शिरण्यास कुरकुरू लागतात, तुरे फिके पडतात, अंडी कमी होतात. मालक दिवसा एखादी कोंबडी धरून तिची पिसे उलटून पाहतो, तो अंगावर काहीच आढळत नाही. तरीही कोणाच्या तरी सांगण्यावरून तो कोंबड्यांच्या अंगाला भुकटी चोळतो. आठवड्याने स्थिती जैसे थे. असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी ध्यानात घ्यावे की, येथे औषधाची निवड चुकण्याआधी किडीची ओळख चुकलेली असते.

कोळीकीड म्हणजे कोळी व गोचीड यांच्या कुळातील अतिसूक्ष्म जीव. पूर्ण वाढलेल्या किडीस आठ पाय असतात, उवेला सहा. पहिला भेद एवढ्यावरच करता येतो, मात्र त्यासाठी साधे भिंग जवळ हवे.

वर सांगितलेल्या प्रसंगातील चोर बहुधा तांबडी कोळीकीड असते. तिचे शास्त्रीय नाव डरमॅनिसस गॅलिनी. स्वीडनमधील शास्त्रज्ञ डी गेर यांनी १७७८ साली तिचे वर्णन केले. ही कीड एक मिलिमीटरहूनही थोडी लहान, उपाशी असता करड्या रंगाची व रक्त प्याल्यावर तांबडी दिसते. दिवसभर ती खुराड्याच्या फटींत, बांबूच्या सांध्यांत व अंडी घालण्याच्या पेटीखाली दडून बसते. रात्री कोंबडीवर चढून रक्त शोषते आणि परत फटीत जाते. अंडीही फटीतच घालते. हवा उबदार असल्यास आठवड्याभरात एक पिढी पुरी होते, आणि खुराडे रिकामे ठेवले तरी ही कीड कित्येक महिने उपाशी तग धरते. म्हणून उपचार करावयाचा तो खुराड्यावर. बसण्याच्या काठ्या काढून त्यांवर उकळते पाणी ओतावे, फटी खरवडून चुन्याने बुजवाव्यात, जुना पेंढा जाळावा आणि पाच ते सात दिवसांनी हेच काम पुन्हा करावे. अंड्यांतून निघालेली नवी कीड त्या वेळी सापडते. खात्री करून घेण्यासाठी रात्री बत्ती घेऊन काठ्यांची टोके खालच्या बाजूने पाहावीत.

याउलट ऑर्निथोनिसस वंशातील कीड कोंबडीच्या अंगावरच नांदते. गुदद्वाराभोवतीची पिसे काळवंडून चिकट झालेली दिसली की, तिचा संशय घ्यावा. येथे उपचार पक्ष्यावर करावा लागतो, आणि औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच निवडावे. जुन्या पुस्तिकांतून बी. एच. सी. भुकटी सुचविलेली आढळेल. तिच्यावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, ती मुळीच वापरू नये. पायांवरचे खवले उचलून ओबडधोबड झाले असतील, तर तिसरीच कीड कातडीत शिरलेली असते. तीस नेमिडोकॉप्टेस म्यूटन्स म्हणतात. कोमट साबणपाण्याने खवले मऊ करून त्यांवर गंधकाचे मलम लावावे. खवले ओढून काढू नयेत.

पंखांच्या मोठ्या पिसावर, उजेडासमोर धरले असता, बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसतात. तीही कोळीकीडच, पण ती पिसांवरील तेलकट द्रव्य व बुरशी यांवर जगते. तिला मारण्यासाठी पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल, एवढ्या बारीक जिवाचे नाव ठरते तरी कसे? प्रयोगशाळेत कीड लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून काचपट्टीवर बसवितात व सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पोटाकडील पट्टीवरचे केस मोजतात. ऑर्निथोनिसस बर्सा या उष्ण प्रदेशातील जातीत छातीच्या पट्टीवर केसांच्या तीन जोड्या असतात, तर सिल्व्हिएरम जातीत दोनच. एका जोडीच्या फरकावर जात ठरते! बर्सा ही कीड साळुंकी व चिमण्या यांच्या घरट्यांतही वाढते आणि पिले उडून गेली की घरात उतरून माणसांना चावते. अंगावर पुरळ येते व लोक ढेकणांना दोष देतात.

केस मोजूनही सर्व उलगडा होतो असे नाही. अलीकडील आनुवंशिक तपासणीत असे दिसून आले की, तांबड्या कोळीकिडीच्या एकाच नावाखाली कबुतरांवर राहणारा एक वेगळा वंश दडलेला आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कीड कोंबडीवर मिळाली की कबुतरावर, ही नोंद नमुन्यासोबत नसेल, तर असा प्रश्न सोडविताना मोठी अडचण पडते.

वटवाघळांविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. छपरात वटवाघळे राहतात म्हणून कोंबड्यांना कीड लागली, असे सांगून ती जाळण्याचा सल्ला दिला जातो. वटवाघळाच्या पंखाच्या पडद्यावर चपट्या शरीराची, भक्कम नखांची स्पिन्टर्निक्स ही कीड राहते. ती अंडी घालीत नाही. अंडे व पहिली अवस्था मादीच्या पोटातच पार पडून पुढील अवस्थेचे पिलू थेट पंखावर जन्मते. तिचा सारा जन्म वटवाघळावर जातो. कोंबडीशी तिचा संबंध नाही. लहान वटवाघळे तर रात्री किडे खाऊन शेतकऱ्याचे कामच करतात. मात्र वटवाघळांना कोणीही हात लावू नये. महाबळेश्वरच्या गुहेत २०२० साली पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या होत्या. त्यांच्यावरील नमुने घेणे हे प्रशिक्षित व परवानगीप्राप्त शास्त्रज्ञांचे काम आहे.

कोंबड्यांवरील व रिकाम्या घरट्यांतील नमुने मात्र ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सहज घेता येतील. कोंबडी पांढऱ्या फडक्यावर धरून पिसे विंचरावीत. पडलेली कीड ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलून अल्कोहोल भरलेल्या लहान कुपीत टाकावी. केसांची मोजणी करण्यास ७० टक्के अल्कोहोल पुरते, आनुवंशिक तपासणीसाठी ९५ टक्के हवे. एका कुपीत एकाच पक्ष्यावरील कीड ठेवावी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत सोडावी, कारण शाई अल्कोहोलात विरघळते आणि बाहेर चिकटविलेला कागद गळून पडतो. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, कोणता पक्षी, अंगाचा कोणता भाग किंवा खुराड्यातील कोणती जागा, दिवस की रात्र, व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. ‘कोंबडीवरील कीड’ एवढेच लिहिलेली कुपी तपासणाऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. फटीतून मिळाली की पिसांतून, हेच त्याला कळत नाही.

कुप्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवाव्यात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था देशातील प्राण्यांची सूची ठेवते, व तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. तपासलेल्या ज्या खुराड्यांत कीड आढळली नाही, त्यांचीही तारखेसह वहीत नोंद करावी.