जुन्या पूलचा गिलावा: पाणी सिमेंट कसं खातं?



अंगणात पूल असलेलं घर घेतलं की पहिली दोन वर्षं मजेत जातात. तिसऱ्या वर्षी मुलं पायाची बोटं खरचटून पाण्याबाहेर येतात. ह्यूस्टनमधल्या आमच्या घरी नेमकं हेच झालं. तळ पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला होता. बघायला आलेला कंत्राटदार म्हणाला, "उद्या पूल रिकामा करू आणि नवं प्लास्टर मारू." आकडा दहा हजार डॉलरच्या वर होता, आणि त्याआधी सलग तीन दिवस धो धो पाऊस पडला होता.

मी त्याला थांबवलं, कारण दोन प्रश्न सुटले नव्हते. जुना गिलावा मुळात खराब का झाला? आणि उद्या पूल रिकामा करणं सुरक्षित आहे का? तुमचाही पूल काँक्रीटचा असेल, तर पैसे मोजण्याआधी या दोन्हींची उत्तरं हवीत.

पानातला चुना, पूलमधला चुना

काँक्रीटच्या पूलमध्ये लोखंडी सळ्यांच्या जाळीवर काँक्रीट जोराने फवारून एक जाड कवच बनवतात. त्यावर साधारण अर्धा इंच पांढरा गिलावा असतो: पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड. ताकद कवचाची, गुळगुळीतपणा गिलाव्याचा. कवच कित्येक दशकं टिकतं. गिलावा मात्र दहाएक वर्षांत म्हातारा होतो. पाण्याकडे लक्ष नसेल तर त्याही आधी.

सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे सगळं धरून ठेवणारा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा 'डिंक', आणि दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा दुसरा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पानाला लावतात तो, आणि दिवाळीआधी भिंतींना देत तोही. हाच तो चुना.

एक लिटर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम चुना विरघळतो. संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शुद्ध पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.०१४ ग्रॅम विरघळतो. फरक शंभरपटीहून अधिक आहे. त्यामुळे पाण्यात कॅल्शियम कमी पडलं की ते आधी गिलाव्यातला चुना ओढून घेतं. सिमेंट झिजतं आणि संगमरवराचे कण वर डोकावू लागतात. मुलांच्या पायाला टोचत होते ते हेच कण. पुढे खड्डे पडतात, खड्ड्यांत शेवाळ बसतं आणि ते ब्रशनेही निघत नाही.

पाणी भुकेलं आहे का?

हे ओळखण्याची रीत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये नळाच्या पाण्यासाठी मांडली. पूलसाठी तिचं सोपं रूप असं:

निर्देशांक = पीएच + तापमानाचा अंक + (कॅल्शियम हार्डनेसचा लॉग − ०.४) + अल्कलिनिटीचा लॉग − १२.१

हार्डनेस आणि अल्कलिनिटी पीपीएममध्ये घ्यायची, लॉग १० या पायाचा. तापमानाचा अंक २९ अंश सेल्सिअसला ०.७ आणि १२ अंशांना ०.३. पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या पीपीएमचा एक तृतीयांश भाग अल्कलिनिटीतून आधी वजा करा. उत्तर −०.३ ते +०.३ मध्ये आलं तर ठीक. त्याखाली गेलं तर पाणी गिलावा खातं, वर गेलं तर हीटरमध्ये आणि टाइल्सवर क्षार साचतात.

आता उदाहरण. उन्हाळ्यात पीएच ७.५, तापमान २९ अंश, हार्डनेस ३००, अल्कलिनिटी १००. उत्तर येतं सुमारे +०.२. छान! हिवाळ्यात पावसाने तेच पाणी पातळ झालं: पीएच ७.२, तापमान १२ अंश, हार्डनेस १५०, अल्कलिनिटी ६०. उत्तर −१.०. गंमत अशी की पाणी दोन्ही वेळा तितकंच नितळ दिसतं. ह्यूस्टनला वर्षाला सुमारे ५० इंच पाऊस पडतो. हिवाळ्यात आम्ही पूलकडे फिरकतही नव्हतो, आणि गिलावा नेमका तेव्हाच झिजत होता.

आधी तपासणी

नवा गिलावा देण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. गळती: बादलीत पाणी भरून ती पूलच्या पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा. २४ तासांनी पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर ते नुसतं बाष्पीभवन नाही, गळती आहे.

२. पोकळपणा: आपल्याकडे गवंडी फरशी ठोकून बघतो, तसंच इथे. पूल रिकामा झाल्यावर गिलावा ठोका. पोकळ आवाज आला तर तिथे त्याने कवच सोडलं आहे. तो भाग काढल्याशिवाय वर नवा थर देण्यात अर्थ नाही.

३. गंज आणि भेगा: तांबूस डाग वारंवार उमटत असेल तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता आहे. भेग कवचापर्यंत गेली असेल तर आधी कवच दुरुस्त करायचं, गिलावा नंतर.

रिकामा पूल ही एक होडी आहे

आता दुसरा प्रश्न. समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे. भोवतालच्या मातीतलं पाणी तळाच्या १ मीटर वर आहे. आर्किमिडीजच्या नियमाने वर ढकलणारा जोर ३२ टन. १५ सेंटिमीटर जाडीच्या कवचाचं वजन २५ टनांच्या आसपास. कडेच्या मातीचं घर्षण थोडी मदत करतं, पण त्या भरवशावर राहू नये. रिकामे पूल जमिनीतून वर उचलले गेल्याचे, त्यात पाइप तुटल्याचे आणि कवच तडकल्याचे प्रकार खरोखर घडतात. तेव्हा खर्च गिलाव्याचा राहत नाही, नव्या पूलचा होतो.

म्हणून कोरडा हंगाम निवडा. तळाच्या जाळीखाली दाब सोडणारी झडप आहे का, आणि ती चालते का, हे कंत्राटदाराला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरा कंत्राटदार बघा. रिकाम्या पूलभोवती कुंपण पक्कं हवं, कारण दीड मीटरचा कोरडा खड्डा लहान मुलासाठी पाण्याइतकाच धोक्याचा असतो.

ॲसिडने धुण्याचं काम स्वतः करू नका. ॲसिडची वाफ खोलगट भागात साचते. पूलचं क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका कपाटातसुद्धा ठेवू नयेत.

पहिले २८ दिवस

नवा गिलावा झाला की पूल न थांबता एका दमात भरा, नाहीतर पाणी थांबलं तिथे कायमची रेघ उमटते. कोवळ्या गिलाव्यातून चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो आणि पांढरी भुकटी खाली बसते. पहिल्या दिवसांत रोज दोनदा ब्रश मारा आणि पीएच तपासून थोडंथोडं ॲसिड घाला, तेही आधी पाण्यात मिसळून. मिठावर चालणारा पूल असेल तर मीठ २८ दिवसांनीच घाला.

आम्ही तीन आठवडे थांबलो. माती सुकली, झडप तपासून घेतली आणि मगच काम केलं. बिल तेवढंच आलं, पण आता फ्रिजवर एक कागद लावला आहे. दर रविवारी त्यावर पाण्याचे आकडे लिहिले जातात, जानेवारीतही. निर्देशांक −०.३ च्या खाली गेला की कॅल्शियम क्लोराइडची पिशवी किंवा बेकिंग सोडा बाहेर निघतो. तुम्हीही आज एकदा तुमच्या पूलचे आकडे त्या सूत्रात घालून बघा. नितळ पाणी उपाशी असेल तर ते तेव्हाच कळेल.